बायकांचा गुरुवार

लग्न ठरलं तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की मुलगा हायस्कुलात इतिहास शिकवतो. तो संध्याकाळी इतिहास गोळाही करतो, हे कोणी बोललं नव्हतं. माझं माहेर साताऱ्याचं. तिथे इतिहास किल्ल्यावर असतो, तो घरात येत नाही. सांगलीच्या वाटेवरच्या त्या कृष्णाकाठच्या गावात मात्र पहिल्याच दिवशी मी माझी ट्रंक पलंगाखाली सरकवायला गेले तर ती आत जाईना. वाकून पाहिलं तर तोफेचे गोळे. "संग्रहालयात जागा झाली की हलवतो," यजमान म्हणाले. ते हलले तेव्हा आमचा थोरला चालायला लागला होता.

संग्रहालय म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवरच्या दोन खोल्या. त्यांत तलवारी होत्या, कट्यारी होत्या, मोडी कागद होते आणि तांब्याच्या नाण्यांची एक काचेची पेटी होती. गावात ज्याच्या घरी गंजकं लोखंड निघे, त्याचा पूर्वज पानपतावर लढलेला असे. आमच्या एका गावातून इतके लोक पानपतावर गेले असतील तर तिथे पराभव कसा झाला, हे मला आजही कोडं आहे.

संग्रहालयाला एक समिती होती. अध्यक्ष निवृत्त मामलेदार. त्यांनी उभी हयात सारा वसूल केला होता, आता वस्तू वसूल करत होते. चिटणीस आमचे यजमान, म्हणजे काम करणारे. बाकीचे सभासद ठरावाला अनुमोदन देत आणि चहा पीत. माझं अक्षर बरं म्हणून वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. यजमान सांगत, मी लिहीत असे. पुरावा नसेल तिथे शेवटी "असे म्हणतात" जोडायचं, असा त्यांचा नियम होता. यजमान मनाने प्रामाणिक, त्यामुळे ते दोन शब्द मला बहुतेक प्रत्येक चिठ्ठीवर लिहावे लागले.

दुसऱ्या महायुद्धाचं, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या लढाईचं, दुसरं की तिसरं वर्ष असेल, तेव्हा गावच्या इनामदारांनी संग्रहालयाला एक आरसा दिला. त्यांनी मुंबईहून नवं कपाट आणवलं होतं, त्याच्या दारालाच आरसा होता. मग जुना आरसा ठेवायचा कुठे, या विवंचनेतून त्यांच्या मनात एकाएकी इतिहासाविषयी कळवळा उत्पन्न झाला. चार हमालांनी तो जिन्यावरून चढवला. माणसापेक्षा उंच, शिसवी लाकडाची नक्षीदार चौकट, कडेला पाऱ्याचे थोडे डाग, बाकी काच लख्ख. तो दुसऱ्या खोलीत भिंतीला टेकवला आणि मी दौत-टाक घेऊन बसले.

"लिही," यजमान म्हणाले. "या आरशात मुखावलोकन करून सरदार रणांगणावर प्रस्थान ठेवीत, असे म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"इनामदार म्हणतात."

मी लिहिलं.

त्याच सुमारास अध्यक्षांच्या लक्षात आलं की संग्रहालयात बायका येत नाहीत. समितीने ठराव केला की स्त्रीवर्गात इतिहासाची गोडी उत्पन्न व्हावी यासाठी दर गुरुवारी दुपारी संग्रहालय फक्त बायकांना खुलं ठेवावं. गुरुवार अशासाठी की त्या दिवशी समितीतल्या बहुतेकांचा दत्ताचा उपास असे आणि ते दुपारी फराळ करून झोपत, तेव्हा कोणाची गैरसोय होणार नव्हती. गोडी उत्पन्न करायला मला नेमलं. माझी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, झाली होती, आणि मुख्य म्हणजे मी चिटणिसांची बायको होते, त्यामुळे मला विचारायची गरज नव्हती.

पहिले काही गुरुवार मी आणि तलवारी अशा आम्हीच होतो. दारात संग्रहालयाचा पट्टेवाला बसे. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला साताऱ्याकडचा गडी, त्याला रिकामं बसायची सवय नव्हती, म्हणून तो रोज त्याच त्या पितळी मुठी घाशी. एकदा वकिलांची बायको नवऱ्याच्या हुकमावरून आली. मी तिला पहिल्या तलवारीपासून सुरुवात करून सांगत गेले. तिसऱ्या तलवारीशी तिने मला हळूच विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, झालं. आम्ही दोघी खाली उतरलो.

गुरुवार हा आमच्या गावच्या बाजाराचा दिवस, ही गोष्ट ठराव करताना कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. त्या दिवशी आष्ट्याच्या बाजूच्या खेड्यापाड्यांतून बायका भाजी, लोणी, कोंबड्या घेऊन येत. उन्हाच्या भरात अशीच एक चाळिशीतली बाई रिकामी पाटी घेऊन जिना चढून वर आली. घरची उसाची जमीन होती, पण वांगी विकायला स्वतः येत असे, हे मला पुढे कळलं.

"हितं घटकाभर बसलं तर चालंल का?"

"चालेल की. हे संग्रहालय आहे. जुन्या वस्तू आहेत, बघा."

"जुन्या वस्तू आमच्या घरात लय हायत्या," ती म्हणाली. तरी भिडेखातर उठली आणि माझ्याबरोबर चालू लागली. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. जावयाचं बोलणं ऐकावं तसं तिने ते मान हलवत ऐकलं. मग पाणी प्यायला म्हणून दुसऱ्या खोलीतल्या माठाकडे गेली, ती बराच वेळ परत येईना.

मी आत डोकावले. ती आरशासमोर उभी होती. पेला हातात तसाच.

तिच्या घरी, आमच्या घरी, सगळ्यांच्याच घरी तेव्हा आरसा म्हणजे फणेरपेटीच्या झाकणातला. त्यात एका वेळी कुंकू दिसे, नाहीतर एक डोळा. पायापासून डोक्यापर्यंत आपण कशा दिसतो हे पाहायची सोय कोणाला नव्हती, आणि ती हवी असं म्हणायची पद्धतही नव्हती. ती बाई हळूहळू वळली आणि मान मागे करून आपली पाठ पाहू लागली.

"पाठमोरी अशी दिसती व्हय मी," ती म्हणाली. ते माझ्याशी नव्हतं.

तिने खांद्यावरचा पदर सारखा केला.

"डावा खांदा खाली ग्येलाय."

"पाण्याच्या घागरीने असेल," मी म्हटलं.

"न्हाई. माझ्या आईचा बी असाच व्हता. आत आल्या आल्या मला वाटलं, आईच उभी हाय." तिने पाणी पिऊन टाकलं, पेला माठावर उपडा घातला आणि पुन्हा एकदा वळून पाहिलं. "जाऊन लय वर्सं झाली तिला. मास्तरीणबाई, ह्ये दर बाजाराला उघडं असतंय?"

ती गेल्यावर मी आरशासमोर उभी राहिले. त्याच्यावरची धूळ मी कितीदा तरी पुसली होती, पण पुसताना माणूस काच बघतं, स्वतःला नाही. मला दिसलं की माझ्या लुगड्याच्या निऱ्यांवर शाईचे डाग आहेत आणि मी पोक काढून उभी राहते. माझ्या आईने हे मला माहेरी शंभरदा सांगितलं होतं. मला तो तिचा खाष्टपणा वाटत असे.

पुढच्या गुरुवारी ती दोन जावांना घेऊन आली. त्याच्या पुढच्या गुरुवारी जावा आपापल्या बहिणींना घेऊन आल्या. महिना-दीड महिन्यात अशी स्थिती झाली की बाजार उरकला की बायकांची रांग जिन्यावरून खाली वाचनालयाच्या दारापर्यंत लागे. माणदेशाकडून मेंढरं घेऊन आलेल्या धनगरांच्या बायका आल्या. त्या चौघी-पाचजणी एकदमच आरशासमोर उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडे बोट दाखवून इतक्या हसल्या की खालचे वाचक वर्तमानपत्र खाली ठेवून छताकडे पाहू लागले. गावातल्या आमच्या आळीच्या बायका मात्र सुशिक्षित. त्यांनी आरशाचं नाव काढलं नाही. त्या नाणी बघायला येत. नाण्यांच्या पेटीसमोर एका ठरावीक जागी उभं राहिलं की दाराच्या फटीतून आतला आरसा तिरका दिसे. नाण्यांचा इतका बारकाईने अभ्यास आमच्या गावात त्यापूर्वी कधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही.

जिन्यावरच्या रांगेत एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी असे. नवरा पलटणीत, लढाईवर, कुठल्या मुलखात ते घरच्यांनाही नीट माहीत नव्हतं. ती दर गुरुवारी येई, आरशासमोर सरळ उभी राही, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, जणू कोणी तिची तपासणी करतंय.

"ते ग्येले तवा मी एवढीशी व्हते," ती मला एकदा म्हणाली. "आता आले तर वळखतील का वो? लय बदलली का मी?"

"मला कसं कळणार? मी तुला तेव्हा पाहिलं नव्हतं."

"मलाबी ठावं न्हाई. म्हनून तर बघती."

यावर काय बोलावं हे व्हर्नाक्युलर फायनलला नव्हतं. मी तिच्या मागच्या बाईला थोडं थांबायला सांगितलं.

समितीत मात्र आनंदीआनंद होता. पट्टेवाल्याने पलटणीच्या शिस्तीत कळवलं होतं की गुरुवारी "फुल हजेरी" असते. अध्यक्षांनी सभेत सांगितलं की आपल्या भगिनींच्या ठायी इतिहासनिष्ठा सुप्त होती, ती आता जागी झाली आहे, आणि याचं श्रेय समितीच्या दूरदृष्टीला आहे. सभासदांनी अनुमोदन दिलं. यजमान घरी आले ते प्रसन्न चेहऱ्याने.

"बायकांना सगळ्यांत जास्त काय आवडतं गं?" त्यांनी जेवताना विचारलं.

"दुसरी खोली आवडते."

"दुसऱ्या खोलीत कट्यारी आहेत," ते समाधानाने म्हणाले. मी त्यांना आमटी वाढली.

आमच्या घरी यजमानांच्या आत्या होत्या. सगळं गाव त्यांना आत्याबाई म्हणे. लहानपणीच नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी त्यांचे केस उतरवले, विधवेचं तांबडं आलवण नेसवलं आणि काही वर्षांनी भावाकडे पाठवून दिलं. तेव्हापासून त्या या घरात होत्या. विधवेने आरशात पाहू नये असा नियम, आणि तो त्या इतक्या काटेकोर पाळत की पितळेचं तबक घासतानाही मान वळवून घासत. त्यांच्या जिभेला मात्र कोणी सोवळं घातलं नव्हतं. गावात त्यांना सगळे वचकून असत.

एका गुरुवारी मी निघाले तर त्या पायऱ्यांवर चपला शोधत होत्या.

"मीही येते. तलवारी बघायच्यात मला."

"तलवारी?"

"का? मी बघू नयेत असं काही शास्त्रात आहे का?"

बाजार अजून चालू होता, वर गर्दी नव्हती. आत्याबाईंनी पहिल्या खोलीतली प्रत्येक तलवार पाहिली. प्रत्येक चिठ्ठी मला वाचायला लावली. कट्यारीही पाहिल्या. मग त्या आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी दाराशीच थांबले. पुढे जावं की मागे फिरावं, ते मला सुचेना.

त्यांनी डोक्यावरचा पदर थोडा मागे केला. वर हनुवटी उचलली. बाजूला वळल्या. काही वेळाने त्या म्हणाल्या, "हे नाक आमच्या वडिलांचं आहे."

"हो का?"

"तुझ्या नवऱ्याचंही हेच. अगदी हेच. मी जन्मभर सांगत आले की पोराने नाक आईकडून घेतलं, आमच्या घराण्यात असं नाक नाही." त्यांनी आरशात बोटाने नाकाचा शेंडा दाबून पाहिला. "माझी वहिनी बिचारी ऐकून घ्यायची. तिला तरी कुठे माहीत होतं. मेली ती तसंच समजून."

मग पदर पुढे ओढून त्या वळल्या. "चल. अंगण सारवायचं राहिलंय." रात्री त्यांनी यजमानांना भाकरीवर नेहमीपेक्षा जास्त लोणी वाढलं आणि ते का, हे काही त्यांना कळलं नाही.

अशी सगळी व्यवस्था सुरळीत चालली असताना अध्यक्षांना वाटलं की ही जागृती बाहेरच्या जगालाही दिसली पाहिजे. त्यांनी पुण्याहून एका विद्वानांना बोलावलं. शस्त्रांवर त्यांचा मोठा अधिकार होता. गुरुवारी दुपारी "मराठ्यांची शस्त्रे" या विषयावर त्यांनी खास स्त्रियांसाठी बोलावं असं ठरलं. दुसरी खोली मोठी, म्हणून जाजम तिथे घातलं. टेबल ठेवायला जागा एकच होती, आरशासमोर. विद्वान टेबलामागे उभे राहिले, म्हणजे त्यांची पाठ आरशाकडे आणि तोंड बायकांकडे. मी यजमानांना म्हटलं, टेबल खिडकीशी घेऊ या. ते म्हणाले, खिडकीशी ऊन येतं, पाहुण्यांना त्रास होईल.

खोली खचाखच भरली होती. विद्वान बोलू लागले. पात्याचे प्रकार, मुठीचे प्रकार, पोलाद कुठून येई. इतकी एकाग्र सभा त्यांना पुण्यात कधी मिळाली नसणार. एकही बाई बोलत नव्हती. सगळ्यांच्या नजरा समोर खिळलेल्या. विद्वान डावीकडे सरकले की सगळ्या माना उजवीकडे झुकत, ते उजवीकडे आले की डावीकडे. पदर नीट होत होते, कुंकवं पुसून सारखी होत होती. विद्वानांना तो स्त्रीसुलभ विनय वाटला आणि ते अधिक रंगात आले. अध्यक्ष आणि यजमान दाराशी उभे होते, पण ते बायकांचे चेहरे पाहत होते, आरशाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. अध्यक्षांचे डोळे भरून आले होते.

व्याख्यान संपलं. विद्वानांनी कपाळावरचा घाम टिपला. इथेच ते बसले असते तर सगळं निभावलं असतं. पण ते म्हणाले, "भगिनींनो, या संग्रहालयातली कोणती वस्तू आपल्याला सर्वांत प्रिय आहे, हे मला आपल्याच तोंडून ऐकायचं आहे. संकोच करू नका."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मी जाजमाच्या कडेला बसले होते, मान खाली घातली. पुढच्या रांगेतली ती वांगी विकणारी बाई उठून उभी राहिली. पाहुण्याने विचारलं आहे तर उत्तर द्यावं, एवढाच तिचा विचार होता.

"आरसा चांगला हाय," ती म्हणाली. "तुमी जरा बाजूला ऱ्हायला असता तर बरं झालं असतं."

कोणी हसलं नाही. विद्वानांना आधी ते कळलंच नाही. कसला आरसा म्हणून ते मागे वळले, तर समोर ते स्वतःच उभे. पगडी एका बाजूला कलली होती. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि त्यांनी ती सरळ केली. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळी सभा हे पाहते आहे.

बायका शांतपणे उठल्या, नमस्कार करून जिना उतरल्या. हसण्याचा आवाज आला तो थेट बाजाराच्या कोपऱ्यावरून.

दुसऱ्याच दिवशी समितीची सभा भरली. आरसा ही ऐतिहासिक वस्तू असली तरी तिच्यात पाहणे हे ऐतिहासिक कृत्य नव्हे, असा निष्कर्ष निघाला. आरसा इनामदारांनी दिलेला, परत केला तर त्यांचा अपमान, म्हणून तेही करता येईना. त्यावर कायमचा पडदा टाकावा असं ठरलं. प्रेक्षकांनी बघू नये म्हणून झाकून ठेवलेली वस्तू मांडणारं आमचं संग्रहालय हे बहुधा एकमेव असावं. पडद्याचं कापड जाड हिरवं होतं, आणि त्यावर लावायची पाटी लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

"पाटी मी लिहिणार नाही," मी यजमानांना सांगितलं.

ते सुपारी कातरत होते, ती त्यांनी तशीच खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस त्या सगळ्या आरशासाठीच येत होत्या?"

"हो."

"तलवारी कोणी बघतच नव्हतं?"

"आत्याबाईंनी बघितल्या. सगळ्या."

मी त्यांना बरं वाटावं म्हणून हे बोलले, आणि ते खरंही होतं. पण त्यांचा चेहरा इतका उतरला की मला पहिल्यांदाच त्या माणसाची कीव आली. त्या गंजक्या लोखंडावर त्यांचा खरोखर जीव होता. सुट्टीत उन्हातान्हातून म्हसवडपर्यंत जाऊन ते एखादी फुटकी ढाल आणत, आणि ती आणताना त्यांना कोणी सरदार दिसत नसे, ती धरणारा कोणी साधा माणूस दिसे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. चिठ्ठीवर ते कधी लिहायला लावलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी बायका वर आल्या तर हिरवा पडदा. पट्टेवाला समोर उभा.

"वरनं आर्डर हाय. पडदा उचलायचा न्हाई."

"म्हंजे आता बगायचं काय?" वांगीवाल्या बाईने विचारलं.

"तलवारी बगा की."

"त्या बगितल्या एकदा. त्या काय दर बाजाराला बदलत्यात व्हय?"

ती मुलगी, पलटणीतल्याची बायको, पडद्यासमोर जरा वेळ तशीच उभी राहिली, हात बाजूला सोडून, आणि मग सगळ्यांच्या मागून जिना उतरून गेली. मी घरी आले आणि झालं ते आत्याबाईंना सांगितलं. कोणाला तरी सांगायचं म्हणून सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या, आणि मी मागून जाईपर्यंत अर्ध्या वाटेवर पोचल्या होत्या.

वाचनालयात संध्याकाळी गावातले सगळे मोठे लोक बसत. अध्यक्ष मधल्या टेबलाशी लढाईच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवत होते. वाचनालयात बाई येत नसे, आणि आलवणातली तर नाहीच. आत्याबाई उंबरा ओलांडून सरळ टेबलापर्यंत गेल्या.

"काय रे मामलेदार, आरशावर पडदा तू घातलास?"

अध्यक्ष उभे राहिले. ते लहान असताना आत्याबाईंनी त्यांचं नाक पुसलेलं होतं. "समितीचा ठराव आहे, आत्याबाई. स्त्रिया तिथे नटण्यामुरडण्यासाठी येतात असं दिसून आलं."

"मी नटायला जाते का?"

टेबलाभोवतीची वर्तमानपत्रं एकेक करून खाली आली.

"मी गेले होते. तुझ्या पट्टेवाल्याला विचार. उभी राहून नीट बघून आले."

"तुमची गोष्ट वेगळी आहे," अध्यक्ष पुटपुटले.

"वेगळी आहे म्हणूनच विचारतेय. मला आरशात बघू नको म्हणणारे माझे सासरे होते. ते मेले. आता त्यांच्या जागेवर तुला कोणी नेमलं?"

वकील भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. आत्याबाई तशाच उभ्या राहिल्या, आणि त्या उत्तर घेतल्याशिवाय जाणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी अध्यक्षांनी घसा खाकरला.

"पडदा तसा धुळीसाठी आहे," ते म्हणाले.

"मग गुरुवारी?"

"गुरुवारी धूळ कमी असते. तेव्हा तो बाजूला करायला हरकत नसावी."

सभासदांनी तिथल्या तिथे अनुमोदन दिलं. आत्याबाई वळल्या, दाराशी मला पाहून म्हणाल्या, "तू कशाला आलीस? गहू उघडे टाकून?" परत जाताना मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो झिडकारला नाही.

यजमानांनी दोन दिवसांनी मला दौत-टाक घेऊन बसायला सांगितलं.

"लिही. आरसा. शिसवी चौकट. इनामदारांकडून आला. बाकी माहिती नाही."

मी टाक तसाच धरून पुढच्या दोन शब्दांची वाट पाहत राहिले. ते म्हणाले, "एवढंच." मग तलवारींच्याही चिठ्ठ्या त्यांनी एकेक करून बदलायला काढल्या. पानपतावर गेलेले बरेच लोक त्या वर्षी आमच्या गावात परत आले. त्यामुळे त्यांचे वंशज रागावले. इनामदारही रागावले, आरसा परत नेतो म्हणाले, पण नव्या कपाटाने त्यांची भिंत अडवलेली होती.

लढाई संपल्यावर त्या मुलीचा नवरा परत आला. एका गुरुवारी तो खाली जिन्याशी उभा होता, कारण वर बायकांची वेळ होती. ती वर येऊन आरशात एकदा पाहून गेली. मी विचारलं, ओळखलं का त्यांनी तुला? ती म्हणाली, "त्येंनी लगीच वळखलं. मलाच येळ लागला. लय वाळल्यात वो."

दशकाच्या अखेरीला सांगलीचं संस्थान विलीन झालं, संग्रहालयाला नदीच्या बाजूची एक सरकारी इमारत मिळाली आणि सगळ्या वस्तू हलवल्या. आरसा जिना उतरताना कोपऱ्यात आपटला आणि आडवा तडकला. नव्या जागेत तो मांडला नाही. तोपर्यंत बऱ्याच घरांत कपाटं आली होती, आणि बाजारात उंच आरसे मिळू लागले होते. मला वाटलं, गुरुवार आता आपोआप बंद पडेल. आत्याबाई त्याआधीच्या पावसाळ्यात गेल्या होत्या, आणि मलाही दोन मुलांच्या मागे वेळ नव्हता.

पण नव्या इमारतीचं दार मी गुरुवारी उघडलं तर बायका आल्या. पूर्वीइतक्या नाहीत, दहा-बारा. त्यांनी नव्या पाट्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाजाराच्या रिकाम्या पाट्या टेकवल्या, पाय पसरले आणि बसल्या. बाजारात विकत काही न घेता आणि कोणत्या देवाच्या पाया न पडता बाईला बसता येईल अशी दुसरी जागा नव्हती. कोणाची सून पळून गेली, कोणाच्या म्हशीला दूध कमी झालं, पाटाचं पाणी कोणी फोडलं, सगळं तिथे बोललं जाई. मधूनच एखादी उठून, "मास्तरीणबाई, ह्ये काय हाय?" असं विचारी, आणि मी सांगितलं की ऐकूनही घेई.

पट्टेवाल्याने समितीकडे तक्रार केली की गुरुवारनंतर नव्या जागेत मांडलेल्या सरदारांच्या पालखीत भुईमुगाची टरफलं सापडतात. त्यावर सभा भरली आणि चर्चा लांबली. शेवटी टरफलांसाठी पालखीशेजारी एक टोपली ठेवावी, असा ठराव एकमताने संमत झाला. यजमानांनी टोपली बुरुडाकडून स्वतः निवडून आणली. पुढे कधीतरी कोणीतरी तिच्यावरही चिठ्ठी लावली.